कोलकाता : भांडून राखलेली स्वस्ताई

मुंबईहून हावड्याला जाणारी गीतांजली एक्सप्रेस २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाली. मधु दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते. या गाडीला त्यांनी पहिला वर्ग ठेवलाच नाही, सगळ्या प्रवाशांना एकच वर्ग. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी चढवण्याचा निर्णयही त्यांचाच. आज गीतांजलीला वातानुकूलित डबे लागतात, पण स्लीपरचं तिकीट अजून मुंबईहून आठशे रुपयांच्या आसपास आहे आणि नागपूरहून पाचशे-साडेपाचशे. मुंबईहून निघालात तर जवळजवळ दोन हजार किलोमीटर. कमी पैशांत कोलकाता बघायला निघालेल्या माणसाची पाठ गाडीत दुखत नाही, याचं श्रेय राजापुरातून निवडून गेलेल्या एका मराठी समाजवाद्याकडे जातं. त्या गाडीत बसताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी भाची याच गाडीने गेलो. ती महाविद्यालयात शिकते आणि हिशेबाची वही तिच्याकडे होती. खोलीचं भाडं सोडून माणशी रोज पाचशे रुपये, त्यात खाणं, फिरणं, तिकिटं सगळं, असं आम्ही ठरवलं होतं. संध्याकाळी वही उघडली की पैसे उरलेले असायचे. “मावशी, आपण काहीच टाळलं नाही, तरी हे उरले कसे?” हा तिचा प्रश्न. एखाद्या शहरात स्वस्तात फिरता येतं याचं कारण प्रवाशाच्या काटकसरीत कमी आणि त्या शहराच्या इतिहासात जास्त असतं, हे मला तिथे उमगलं. हा लेख त्या कारणांबद्दल आहे.

हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की समोर हुगळी. पलीकडे जायला टॅक्सीवाले घेरतात, पण त्यांच्या मागून पन्नास पावलांवर फेरीघाट आहे. तिथलं तिकीट दहा रुपयांच्या आत मिळतं. लोखंडी जेट्टी, तीवर वाट बघणारे कारकून, मासळीच्या टोपल्या, सायकली. लाँच लागली की सगळे एकदम आत. पंधरा मिनिटांत बाबूघाट. हावडा पूल मागे सरकताना दिसतो तो याच लाँचवरून. परदेशी पाहुण्यांना नदीवर फिरवणाऱ्या सजवलेल्या बोटीही तिथे आहेत, त्यांचे शेकडो रुपये घेतात. नदी तीच आणि पूलही तोच. या साध्या लाँचपैकी बऱ्याचशा हुगळी नदी जलपथ परिवहन नावाची एक सहकारी समिती चालवते. असं काम सहकाराने उचलावं ही गोष्ट साखर कारखान्यांच्या प्रदेशातून गेलेल्या आम्हांला नवी नव्हती. नदीवर चालणारा सहकार मात्र आम्ही पहिल्यांदा पाहिला.

नदी ओलांडायचे आणखी दोन मार्ग आहेत आणि तिन्ही करून बघावेत. एक पायी, पुलावरून. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, महायुद्ध चालू असताना हा पूल खुला झाला. लांबी ७०५ मीटर, आणि संपूर्ण सांगाड्यात एकही नट-बोल्ट नाही, सगळं रिव्हेट मारून जोडलेलं. २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन टाटांनी दिलं, कारण युद्धामुळे विलायतेतून पोलाद येणं थांबलं होतं. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू हे नाव दिलं, तरी बसवाहक आजही ‘हाओडा ब्रिज’ असंच ओरडतो. पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला खाली उतरलं की मल्लिक घाटाचा फुलबाजार. पहाटे जा. झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात, पायांखाली चिखल आणि पाकळ्यांचा लगदा. या बाजाराला तिकीट नाही, दरवाजा नाही, बघ्यांसाठी वेगळी जागाही नाही. रस्ता अडवला की ‘दीदी, शोरून!’ म्हणून हाक येते आणि आपण बाजूला सरतो.

दुसरा मार्ग नदीच्या खालून. देशातली पहिली मेट्रो कोलकात्यातच २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली, एस्प्लनेड ते भवानीपूर. त्याच शहराने मार्च २०२४ मध्ये नदीखालून मेट्रो नेली. पात्राखालचा बोगदा ५२० मीटरचा, गाडीला तो पार करायला सुमारे पाऊण मिनिट लागतं आणि तेवढा वेळ भिंतींवर निळे दिवे दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मधला तुकडा जोडला गेला आणि हावडा मैदान ते सॉल्ट लेक ही मार्गिका पूर्ण झाली. तिकीट पाच रुपयांपासून. डब्यातला प्रत्येक नवखा माणूस खिडकीला नाक लावून बसतो. पाणी दिसणार नसतं हे ठाऊक असूनही मीही लावलं.

आता ट्राम. कोलकात्याच्या स्वस्ताईचं मर्म ट्रामच्या गोष्टीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम २४ फेब्रुवारी १८७३ रोजी धावली आणि त्याच वर्षी तोट्यामुळे बंदही पडली. १८८० पासून कलकत्ता ट्रामवेज कंपनीने ती नव्याने चालू केली, १९०२ मध्ये विजेवर आणली. कंपनी ब्रिटिशांची, नोंदणी लंडनची. स्वातंत्र्यानंतरही मालकी तशीच राहिली. जुलै १९५३ मध्ये या कंपनीने दुसऱ्या वर्गाचं भाडं एक पैशाने वाढवलं आणि शहर पेटलं. एका पैशासाठी. फाळणीने पूर्व बंगालमधून आलेली लाखो माणसं तेव्हा शहराच्या कडेला झोपड्यांत राहत होती, त्यांच्या घरी एक पैसाही मोजून खर्च होत होता. लोकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला, जुनंच भाडं हातावर ठेवून प्रवास केला. ट्रामवर बहिष्कार टाकला, हरताळ पाळले. ज्योती बसू आणि डाव्या पक्षांचे पुढारी आघाडीवर होते. लाठीमार झाले, ट्रामगाड्या जळाल्या, आणि शेवटी भाडेवाढ मागे घ्यावी लागली. बंगालच्या राजकारणात ही चळवळ एक पैशाचं आंदोलन म्हणून ओळखली जाते.

वाहनं जाळण्याचं समर्थन मी करणार नाही. पण या शहरात आजही भाडं वाढवताना सरकार दहादा विचार करतं, बसचं तिकीट वाढलं तर कट्ट्याकट्ट्यांवर चर्चा होते, याची मुळं त्या जुलै महिन्यात आहेत. आमच्या मुंबईत ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली. लोक निरोप द्यायला रस्त्यावर आले आणि घरी गेले. कोलकात्याने ट्राम धरून ठेवली. आज भारतात ट्राम असलेलं ते एकमेव शहर आहे.

शामबाजारहून धर्मतल्याला जाणारी पाच नंबरची ट्राम पकडा. उत्तर कोलकात्यातून कॉलेज स्ट्रीटवरून ती जाते, तिकीट दहा रुपयांच्या आत. लाकडी बाक, लोखंडी गज, चामड्याची पिशवी खांद्याला लावलेला कंडक्टर. पायी चालणारा माणूस तिला गाठू शकतो, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. विधान सरणीवरच्या जुन्या घरांचे हिरवे झडपांचे दरवाजे, ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे, औषधाच्या दुकानाची पाटी, सगळं नीट वाचता येतं. पर्यटकांना शहर दाखवणाऱ्या बसगाड्यांतून यातलं काहीच दिसत नाही.

कॉलेज स्ट्रीटला उतरायचं. लोक या भागाला बोईपाडा म्हणतात, पुस्तकांची आळी. १८१७ चं हिंदू कॉलेज म्हणजे आजचं प्रेसिडेन्सी, १८२४ चं संस्कृत कॉलेज, १८३५ चं मेडिकल कॉलेज, १८५७ चं विद्यापीठ, सगळं हाकेच्या अंतरावर. त्यांच्या कुंपणांना टेकून पत्र्याच्या टपऱ्या, टपऱ्यांत छतापर्यंत पुस्तकं. भाचीला संख्याशास्त्राचं एक जुनं पाठ्यपुस्तक हवं होतं. पहिल्या विक्रेत्याकडे नव्हतं. त्याने मान वळवून तीन टपऱ्या पलीकडे आवाज दिला, तिथून दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आम्ही उभ्या होतो तिथेच पुस्तक आलं. छापील किमतीच्या निम्म्याहून कमी. परत विकायला आणलंस तर घेईन, असंही त्याने तिला सांगितलं. गरीब विद्यार्थ्याचं शिक्षण या आळीने किती पिढ्या पेललं असेल!

समोरच्या जिन्याने वर गेलं की कॉफी हाउस. ही वास्तू १८७६ चा अल्बर्ट हॉल. १९४२ मध्ये कॉफी बोर्डाने इथे कॉफीगृह काढलं. पुढे पन्नाशीच्या दशकात बोर्डाने देशभरातली आपली कॉफीगृहं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि कॉफीगृहं स्वतःच चालवायला घेतली. कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस १९५८ पासून असंच कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे. सत्यजित राय, अमर्त्य सेन, सुनील गंगोपाध्याय इथे बसायचे, हे प्रत्येक मार्गदर्शिकेत असतं. त्यांना तासन्‌तास बसू दिलं गेलं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. इथे काळ्या कॉफीला इन्फ्यूजन म्हणतात. ती एक मागवा आणि दोन तास बसा, पांढरा गणवेश आणि तुरा लावलेली टोपी घातलेला वाढपी तुम्हांला उठवायला येणार नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर आठ मुलं होती आणि कप चार. आज कुठल्याही शहरात बसण्याच्या जागेचे पैसे मोजावे लागतात, कॉफी हे निमित्त असतं. कोलकात्यात बसणं अजून फुकट आहे.

जेवायला लांब जायची गरज नाही. प्रेसिडेन्सीला लागून असलेल्या भवानी दत्त लेनमध्ये स्वाधीन भारत हिंदू हॉटेल आहे. नेताजी विद्यार्थी असताना इथे जेवायचे, असं तिथे अभिमानाने सांगतात. अशा खाणावळींना शहर पाइस हॉटेल म्हणतं. खेड्यातून येऊन मेसमध्ये राहणाऱ्या कारकुनांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी त्या निघाल्या. फळ्यावर खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले. केळीचं पान, त्यावर भात, मसुराची डाळ, कुरकुरीत बटाट्याचा कीस, मग मासा जो परवडेल तो: रुई, पार्शे, पाबदा, नाहीतर बोटाएवढी मौरला. प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा, पानाचा आणि लिंबाच्या फोडीचाही. सांगितलं तेवढंच वाढतात. त्यामुळे खिशात ऐंशी रुपये असलेला आणि तीनशे असलेला एकाच बाकावर जेवतो. वाढपी पदार्थांची नावं गाण्यासारखी एका दमात म्हणतो आणि शेवटी बिलही तोंडीच करतो. बिल चुकलं असं भाचीला वाटलं, तिने वहीत मांडून पाहिलं, रुपयाचाही फरक नव्हता.

मला तिथे लालबाग-परळच्या खानावळी आठवल्या. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांची ती दुनिया. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या आणि खानावळींचं गिऱ्हाईक गेलं. आज परळला पाहुणा आला तर त्याला स्वस्त, ताजं, पोटभर जेवण कुठे दाखवायचं हा प्रश्न पडतो. ज्या वर्गासाठी खाणावळी निघाल्या तो वर्ग गावात राहिला तरच त्या राहतात. कॉलेज स्ट्रीटला विद्यार्थी राहिले, म्हणून भवानी दत्त लेन राहिली.

खाण्याबद्दल थोडक्यात आणखी: सकाळी कचुरी आणि हरभऱ्याची गोडसर डाळ, दुपारी डेकर्स लेनमध्ये टोस्ट आणि स्ट्यू, संध्याकाळी झालमुडी, चहा मातीच्या भांड्यात. कॉलेज स्क्वेअरजवळ पॅरामाउंट नावाचं १९१८ चं सरबताचं दुकान आहे. त्याच्या शहाळ्याच्या सरबताची कृती रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली, असं मानतात. तेवढी एक चैन आम्ही केली.

मराठी माणसाला या शहरात एक जुना हिशेबही भेटतो. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचा सेनानी. ते कलकत्त्यावर येतील या भीतीने १७४२ साली इंग्रजांनी आणि रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीन मैल झाले. मराठे आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. आम्ही ती शोधत गेलो. साधी गल्ली आहे, नळावर रांग होती, पोरं क्रिकेट खेळत होती. बंगाली आया अजून ज्या अंगाईत बर्गींची भीती घालतात ती आमच्याच सैन्याची. आपण अटकेपार गेलो हे आपण शाळेत शिकतो. बर्दवानच्या शेतकऱ्याचं काय झालं ते शिकत नाही. ते शिकायला हवं.

आणि याच शहरात उलट दिशेचं देणंही आहे. देवघरात जन्मलेले, मराठी घराण्यातले सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहीत. त्यांचं ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये निघालं आणि स्वदेशी चळवळीत घरोघर गेलं. पुढे इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. त्यांच्याच शिवाजीविषयीच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. रवींद्रनाथांचं जोडासाँकोचं घर बघताना हे धागे सारखे हाताला लागतात. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. रवींद्रनाथ विलायतेला जाण्याआधी १८७८ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाच्या आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले होते. जोडासाँकोच्या घराचं तिकीट एका साध्या थाळीपेक्षा स्वस्त आहे. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ जिथे गेले ती खोली बघायला लोक चप्पल काढून आत जातात.

बाकी ठिकाणांचं भराभर सांगते. १८१४ मध्ये सुरू झालेलं इंडियन म्युझियम देशातलं सर्वांत जुनं. तिथे वेळ भरहुतच्या स्तूपाच्या कठड्याला द्या, ममीसमोरची रांग सोडा. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि आपलं क्रॉफर्ड मार्केट दोन्ही विल्यम एमर्सनच्या हातची. आतली दालनं नाही पाहिली तरी चालेल, बागेत बसा. साउथ पार्क स्ट्रीटचं कब्रस्तान १७६७ चं, भाषापंडित विल्यम जोन्स आणि कवी डेरोझिओ तिथे आहेत. मूर्तिकारांच्या कुमारटुलीत दिवाळीच्या आधी गेलात तर कालीच्या मूर्ती रंगताना दिसतील, कारण आपल्या लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येलाच बंगालात कालीपूजा असते. कारागिरांना विचारून मगच फोटो काढा, त्यांच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि काम घाईचं. प्रिन्सेप घाटावर संध्याकाळ फुकट आहे. ज्याच्या नावाचा तो घाट आहे, त्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली.

थोड्या दिवसांच्या सहलीत वार फार महत्त्वाचा. रविवारी कॉलेज स्ट्रीटची दुकानं बंद असतात, सोमवारी बहुतेक संग्रहालयं. म्हणून मंगळवार ते शनिवार असा बेत आखा. सगळ्यांत मोठा खर्च खोलीचा. सडर स्ट्रीटच्या आसपास हजाराच्या आत खोली मिळते, पण आधी खोली बघा, पंखा आणि कडी तपासा आणि मगच पैसे द्या. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथेही चौकशी करून ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत आधी नोंदणी केलेली बरी. आम्ही दोघी बायका रात्री नऊपर्यंत मेट्रोने, बसने फिरलो, लोक आपणहून थांबा सांगत होते.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. पैसे उरले कारण लाँच सहकारी होती, कॉफी कामगारांची होती, ट्रामचा एक पैसा लोकांनी भांडून वाचवला होता, आणि पुस्तकांची आळी विद्यार्थ्यांनी तोलून धरली होती. पाहुण्याला मिळते ती स्वस्ताई रहिवाशांनी आधी आपल्यासाठी मिळवलेली असते. म्हणून ती घेताना भाव पाडू नयेत. टपरीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे, आणि संध्याकाळी हॉटेलात दोनशेची कॉफी पिणारे आपल्यातले प्रवासी मी पाहिले आहेत. हात-रिक्षा ओढणाऱ्या म्हाताऱ्याशी तर भावाची बोलणी करूच नयेत.

ही स्वस्ताई टिकेलच असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केलं की ट्राममुळे वाहतुकीला अडथळा होतो, तेव्हा धर्मतला ते मैदान एवढा एक वारसा मार्ग ठेवून बाकी बंद करू. नागरिकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एकेकाळी शहरभर फिरणाऱ्या ट्रामचे हे लिहीपर्यंत दोनच मार्ग उरले आहेत: शामबाजार–धर्मतला आणि गडियाहाट–धर्मतला. मैदानात पर्यटकांसाठी फिरणारी ट्राम म्हणजे ट्राम राहिली असं मी मानत नाही. ट्राम ती, जी कारकुनाला कचेरीत आणि मुलीला कॉलेजात पोचवते. मुंबईकरांनी ती गमावली तेव्हा कुणी फारसं भांडलं नाही. कोलकात्याचे लोक भांडताहेत आणि त्यांची बाजू बरोबर आहे. रिकामी धावणारी ट्राम बंद करणं सोपं असतं. तेव्हा कोलकात्याला गेलात तर टॅक्सी सोडा, पाच नंबरच्या ट्राममध्ये बसा आणि तिकीट मागून घ्या.